पाठीशी कोण उभं राहणार?

दुपारचे चार वाजले की मेस्कीट बेंड या घरगाड्यांच्या पार्कमधली म्हातारी मंडळी घडीच्या खुर्च्या काखेत मारून फाटकाजवळ येऊन बसायची. ॲरिझोनाच्या वाळवंटात हिवाळा काढायला आलेली ही माणसं. बर्फ उपसायचं उत्तरेत राहिलं होतं, मुलंबाळं त्याच्याही पलीकडे राहिली होती, त्यामुळे हाताला काही काम नव्हतं. चार ही नव्या गाड्या येण्याची वेळ. एखादं जोडपं बसएवढी मोटरहोम, म्हणजे चाकांवरची घरगाडी, घेऊन आत शिरायचं आणि मग ते धूड नेमून दिलेल्या अरुंद जागेत उलटं घालण्याचा कार्यक्रम सुरू व्हायचा. नवरा आत स्टिअरिंगवर, बायको मागे उभी राहून हातवारे करतेय. तिने डावीकडे दाखवलं की तो उजवीकडे घेणार, तिने थांब म्हटलं की तो पाण्याच्या नळावर गाडी घालणार, आणि मग दोघांच्या सबंध संसाराची धुणी तिथेच, भर रस्त्यात, मोठ्या आवाजात धुतली जाणार. खुर्च्यांमधली मंडळी वाइनचे घोट घेत ऐकायची. टीव्हीवर यापेक्षा चांगलं काही लागत नसे.

या खेळात आदराने नाव घ्यावं अशी एकच बाई पार्कमध्ये होती, आर्डिस टॉलफसन. नॉर्थ डकोटाची, सत्तरीची, उंच आणि हाडापेराने मजबूत. तिचा नवरा व्हर्लिन जिवंत होता तेव्हा ही दोघं ज्या दिवशी यायची त्या दिवशी खुर्च्या तीनलाच लागायच्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही. आर्डिस घरगाडीच्या बरोब्बर मागे, मधोमध उभी राहायची, दोन्ही हात खांद्यांच्या वर धरायची आणि नुसत्या बोटांनी ते धूड आत बोलावून घ्यायची. शेवटी उजवी मूठ मिटायची. मूठ मिटली की चाकं थांबली. जागेच्या टोकाला ठेवलेल्या विटेला चाक टेकलेलं असायचं, पण वीट हललेली नसायची. 'आर्डिसचा हात' असंच म्हणायचे लोक. आर्डिस "छे, त्यात काय एवढं" म्हणायची आणि कोणी तो किस्सा पुन्हा काढतंय का म्हणून आजूबाजूला बघायची.

दोन वर्षांपूर्वी व्हर्लिन गेला. झोपेत, कोणालाही त्रास न देता, म्हणजे अगदी त्याच्या स्वभावाविरुद्ध. मुलगा क्रेग फार्गोहून विमानाने आला आणि अंत्यसंस्कार नि घरगाडीची विक्री ही दोन्ही कामं त्याने एकाच फेरीत उरकली. "आई, तू थोडीच चालवणार आहेस ती?" एवढंच म्हणाला. आलेले पैसे त्याने आईच्या नावावर बँकेत टाकले, त्यामुळे त्याला नावं ठेवायचीही सोय राहिली नाही. आर्डिस मग पार्कमधल्याच एका भाड्याच्या खोक्यात राहू लागली. चाकं काढून विटांवर ठेवलेलं, जुनं पत्र्याचं खोकं. यंदा मालकाने सांगून टाकलं की एप्रिल संपला की ही खोकी भंगारात जाणार आणि तिथे पोहायचा तलाव होणार. क्रेगने तळघरातली खोली रंगवून तयार ठेवली होती. "वॉशिंग मशीनच्या शेजारीच आहे, आई. तुला बरं पडेल." कोणाला बरं पडेल ते आर्डिसला कळत होतं. मरणाला ती फारशी भीत नव्हती, त्या तळघराला भीत होती. एप्रिल संपायच्या आत तिला पुन्हा वाटेला लागायचं होतं, कोणाच्या का गाडीतून होईना.

आणि नेमकं याच हिवाळ्यात बाईंना एक सोडून दोन स्थळं चालून आली.

पहिला रॉइस किंब्रो, टेक्सासचा. शेतीचे पंप विकून गब्बर झालेला विधुर. पांढरी टोपी, पोटावर चांदीचं बक्कल, आणि बाईमाणूस दिसलं की टोपी छातीशी. त्याची घरगाडी डिझेलची. पुढचं तोंड वळणावरून दिसेनासं झालं तरी शेपूट यायचं बाकी असे, एवढी लांब. दुसरा ड्वेन स्वोबोदा, नेब्रास्काचा. आयुष्यभर हार्डवेअरचं दुकान चालवलेला, तोही विधुर, आणि खिळा वाकडा झाला तर ठोकून सरळ करून वापरणारा. त्याची घरगाडी पेट्रोलची. दोघांच्या जागा शेजारीशेजारी, आणि गेले सहा हिवाळे दोघं रोज सकाळी एकाच टेबलावर कॉफी पीत एकाच विषयावर भांडत होते.

"डोंगर लागला की तुझं पेट्रोल रडायला लागतं, नेब्रास्का," रॉइस म्हणायचा. "मागे ट्रकांची वरात लागते. नवरदेव तू."

"आणि तुझं डिझेल बसलं की तीन गावं ओढत न्यावं लागतं, ते सांग ना. माझी गाडी कुठल्याही खेड्यातला माणूस उघडतो आणि नीट करतो. तू नुसतं तेल बदलतोस ना, तेवढ्यात मी महिनाभर जेवतो."

"तू महिनाभर काय जेवतोस ते बघितलंय आम्ही. पाव, आणि पावाला लावायला पाव."

रस्त्यावर समोरून दुसरी घरगाडी आली की चालवणाऱ्याने हात वर करायचा, अशी या लोकांत रीत आहे. डिझेलवाले मात्र फक्त डिझेलवाल्यांना हात करतात. रॉइस हे अभिमानाने सांगायचा. ड्वेन म्हणायचा, "आम्ही सगळ्यांना करतो. गाढवालासुद्धा. म्हणून तर तुला केला."

दोघं आर्डिसच्या मागे लागले आणि पार्कमध्ये सरळ दोन तट पडले. आर्डिस रॉइसला हो म्हणणार की ड्वेनला, असं कोणी विचारेनासं झालं. विचारायचे, "बाई डिझेल घेणार की पेट्रोल?" पैजा लागल्या. पैसे लावायला ही माणसं फार सभ्य, त्यामुळे पाय लावले, म्हणजे भट्टीत भाजलेले खायचे गोड पाय, लिंबाचे, सफरचंदाचे, पीकनचे दाणे घातलेले. पैजांचा कारभार आर्डिसच्या शेजारणीकडे, फर्नकडे होता. फर्न ओहायोची, तीन नवऱ्यांना पुरून उरलेली. चवथा करायचा विचार नव्हता, त्यामुळे तिची जीभ मोकळी होती.

रॉइसने जेवायला बोलावलं. चार तास धुरावर ठेवलेलं मांस, मेणबत्ती, कापडी नॅपकिन. आर्डिसने निळा स्कार्फ बांधला होता आणि आदल्या दिवशी केस सेट करून घेतले होते. जेवण झाल्यावर रॉइस जरा घुटमळला. "मॅडम, तुम्हाला एक दाखवायचं होतं. गैरसमज नसेल होणार तर जरा आत याल?"

आत म्हणजे मागे, बेडरूममध्ये. आर्डिसच्या छातीत धडधडलं, पण सत्तरीत धडधडतंय हेच तिला बरं वाटलं. ती गेली. रॉइसने पलंगाच्या कडेला हात घातला आणि एका झटक्यात गादीसकट सगळा पलंग वर उचलला. खाली इंजिन होतं.

"बघा," तो हळू आवाजात म्हणाला आणि त्याने टॉर्च लावला.

आर्डिसने बघितलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

"दहा लाख मैल चालेल, मॅडम. आपण दोघं जाऊ, हे राहील."

"सुंदर आहे," आर्डिस म्हणाली. त्यातल्या त्यात 'आपण दोघं' हे तिने घरी येताना बरोबर आणलं.

ड्वेनने दोन दिवसांनी बोलावलं. त्याच्याकडे इंजिन पुढे, दोन सीटच्या मधोमध, झाकणाखाली. सकाळी तो गावात जाऊन आला होता, त्यामुळे झाकण गरम होतं, आणि त्याने त्यावर फॉइलमध्ये गुंडाळून कोलाचे ठेवले होते, मधे आलुबुखाऱ्याचा मुरांबा भरलेले मऊ बन. "खा. गॅस न जाळता गरम झालेत," तो म्हणाला. "बघ आर्डिस, माझं इंजिन माणसांत बसतं. त्या टेक्सासवाल्यासारखं पलंगाखाली दडवून ठेवलेलं नाही."

"पाय भाजतोय रे माझा."

"थंडीत बरं पडेल तुला."

पुन्हा 'तुला बरं पडेल'. पण बन चांगले होते, आणि शेजारी माणूस बडबडत होता, आणि समोरच्या मोठ्या काचेतून रस्ता दिसत होता. आर्डिसने तीन खाल्ले.

"मग? काय ठरलं?" फर्नने विचारलं.

"डिझेल शांत आहे गं, पण जरा गर्विष्ठ वाटतं. पेट्रोल कटकट करतं, पण जवळचं वाटतं."

"इंजिनाचं सांगतेयस की माणसांचं?"

"तेच कळेनासं झालंय."

मार्चच्या सुरुवातीला रॉइसने टोपी काढली, गुडघा दुखत होता म्हणून उभ्याउभ्याच तिचा पंजा दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "मॅडम, मी सरळ माणूस आहे. मला तुमचा हात हवा आहे."

आर्डिसने मान खाली घातली. काय बोलावं याची जुळवाजुळव ती करत होती, तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "तीन वर्षं एकटा मागे घेतोय गाडी. एक दिव्याचा खांब गेला, दोन नळ गेले, अमरिलोत एका भल्या माणसाचं कुंपण गेलं. व्हर्लिन होता तेव्हा मी तुमचा हात पाहिलाय. असा हात सबंध ॲरिझोनात नाही."

आर्डिसने स्कार्फ नीट करायच्या निमित्ताने हात सोडवून घेतला आणि विचार करायला वेळ मागितला.

गुरुवारी कपडे धुवायच्या खोलीत ड्वेन तिच्या शेजारच्या मशीनपाशी येऊन उभा राहिला. मोजे आत टाकत म्हणाला, "आर्डिस, मला गोड बोलता येत नाही. स्पष्टच विचारतो. माझ्या पाठीशी उभी राहशील?"

हे मात्र तिला लागलं. चांदीचं बक्कल नाही, मेणबत्ती नाही, पण असं कोणी तिला जन्मात विचारलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. "कायमची, ड्वेन?"

"कायमची कशाला? गाडी मागे घेताना फक्त. बाकी वेळ पुढे बस की."

खोक्यात परत आल्यावर आर्डिस बराच वेळ खुर्चीवर बसून राहिली. तिला राग आला होता, आणि रागाहून जास्त लाज वाटत होती, कारण निळा स्कार्फ तिने दोन्ही वेळा बांधला होता. एकाने पंजा मागितला, दुसऱ्याने पाठराखण मागितली, मधली आर्डिस कोणी मागितलीच नाही. तरी ती दोघांनाही नाही म्हणाली नाही. एप्रिल जवळ येत होता आणि तळघरातल्या रंगाचा वास तिला इथवर येत होता. आणि आणखी एक होतं, जे तिने फर्नलाही सांगितलं नसतं. तिच्या हाताची कीर्ती टेक्साससारख्या गर्विष्ठ मुलखात पोचली, याचं तिला आतून बरंही वाटत होतं.

त्या शनिवारी पार्कच्या मालकाने ड्वेन आणि रॉइसच्या ओळीतलं गटार उकरायला काढलं. दोघांना गाड्या समोरच्या ओळीत हलवायच्या होत्या. बातमी सकाळच्या कॉफीलाच फुटली. चार वाजायच्या आत खुर्च्यांच्या तीन रांगा लागल्या, आणि फर्नने पाय आणून टेबलावर मांडले. आज निकाल लागणार यात कोणाला शंका नव्हती.

पहिली पाळी रॉइसची. आर्डिस आली, नेहमीसारखी बरोब्बर मागे, मधोमध उभी राहिली आणि तिने हात वर केले. मंडळी गप्प झाली. डिझेल गुरगुरलं आणि सगळा धूर तिच्या तोंडावर आला. तिने डाव्या हाताची बोटं हलवली. गाडी उजवीकडे गेली. तिने उजव्या हाताची बोटं हलवली. गाडी आणखी उजवीकडे गेली आणि एका बाईचा शोभेचा प्लास्टिकचा फ्लेमिंगो चाकाखाली गेला.

"मॅडम!" रॉइस खिडकीतून ओरडला. "कुठे आहात तुम्ही? दिसत नाही मला!"

"कॅमेरा आहे ना तुझ्याकडे, आणि दीड हाताचा पडदा?" फर्न ओरडली.

कॅमेरा होता, पण त्यावर वाळवंटाची धूळ बसली होती, आणि ती पुसायला खाली उतरणं डिझेलवाल्याला कमीपणाचं होतं. व्हर्लिनला बरं दिसायचं, आर्डिसच्या मनात आलं. बघायची इच्छा असली की दिसतं. ती खोकत उभी राहिली आणि समोरच्या चकचकीत पत्र्याकडे बघत राहिली. शिडी, नंबरप्लेट, दोन लाल दिवे. हा देखावा तिच्या फारच ओळखीचा होता. बावीस वर्षं ती देशभर फिरली होती. दरीच्या काठावर, समुद्राच्या काठावर, बर्फाच्या डोंगराखाली, जिथे जिथे पोचली तिथे पहिल्यांदा तिने हेच बघितलं होतं, गाडीचं ढुंगण. बाकीची मंडळी देश बघायला निघतात, आणि आपण शिडी बघत फिरलो.

तिने हात खाली घेतले. गाडी रस्त्यात आडवी तशीच ठेवून ती चालत पुढे गेली आणि रॉइसच्या खिडकीखाली उभी राहिली.

"उतर खाली."

"काय झालं, मॅडम?"

"तू मागे जा. मी घालते आत."

रॉइसला हसू आलं, पण तो सभ्य माणूस, त्याने ते टोपीत दाबलं. "मॅडम, एअर ब्रेक आहेत हिला. हे बायकांचं काम नव्हे."

"लग्नाआधी मी बापाच्या शेतावर गव्हाचा ट्रक चालवत होते. भरलेला."

"असेल ना, मॅडम. गव्हाचा वेगळा."

आर्डिस तशीच ड्वेनच्या गाडीकडे गेली. "तुझ्या गाडीला एअर ब्रेक नाहीत ना? उतर."

ड्वेनने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, जणू ती ते उपटूनच नेणार होती. "अगं, वेडी की काय? मग मागे कोण उभं राहणार?"

"तू."

"मी?" ड्वेनचा चेहरा असा झाला की पहिल्या रांगेतल्या दोन बायका हसून खुर्चीतून पडायच्या राहिल्या.

आर्डिस तशीच मागे फिरली. फर्नच्या शेजारी एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर जाऊन बसली आणि तिने स्वतःला वाइन ओतून घेतली. इतक्या वर्षांत या खुर्च्यांमध्ये ती पहिल्यांदा बसत होती. इथून बराच चांगला खेळ दिसत होता.

रस्ता आता दोन्हीकडून बंद. फाटकाबाहेर नव्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या. शेवटी ड्वेनचाच धीर सुटला. तो उतरला, रॉइसच्या बाजूच्या आरशापाशी तिरका जाऊन उभा राहिला आणि त्याने तोंड सोडलं. "डावीकडे! अरे डावीकडे, टेक्सास! तुमच्याकडे डावा हात देत नाहीत का जन्मताना?"

"ओरडू नकोस! दिसतोयस मला!"

"मग बघ की! घे, घे, घे, अजून घे, बस! बस म्हटलं ना, माठ्या!"

गाडी आत गेली. सरळ, मधोमध, नळाला न लागता. मग रॉइस उतरला, बाह्या सारून ड्वेनच्या आरशापाशी जाऊन उभा राहिला आणि सहा हिवाळ्यांचे सगळे अपमान त्याने तेवढ्या वेळात परत केले. पेट्रोलही आत गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघं घाम पुसत एकमेकांकडे बघत उभे राहिले, आणि फर्न मोठ्याने म्हणाली, "घ्या. लागलं लग्न."

तिला ते गमतीत म्हणायचं होतं. पण दुसऱ्या दिवसापासून ड्वेन रॉइसकडे जेवायला जाऊ लागला. त्यानंतरच्या आठवड्यात रॉइसने पलंग उचलून त्याला इंजिन दाखवलं, आणि ड्वेन, पेट्रोलचा सगळ्यांत कडवा भक्त, गुडघ्यांवर बसून टॉर्चच्या उजेडात इतका वेळ आत बघत राहिला की रॉइसला त्याला कॉफी तिथेच नेऊन द्यावी लागली. खरं काय ते मग बाहेर आलं. डिझेल त्याला पहिल्यापासून हवं होतं. बायकोने पेट्रोल घ्यायला लावलं, आणि घेतलं ते आपल्याच अकलेने घेतलं असं सांगण्यात त्याने सहा वर्षं घालवली होती. मार्च संपता संपता रॉइसच्या गाडीवरची 'रॉइस आणि लुएला' ही बायकोच्या वेळची जुनी लाकडी पाटी उतरली आणि 'रॉइस आणि ड्वेन' अशी नवी चढली. दोघं मिळून वायोमिंगला निघाले. फाटकातून बाहेर पडताना डिझेल कुठल्या पंपावर भरायचं यावरून भांडत होते. पैज कोणीच जिंकलं नाही, तेव्हा सगळे पाय सगळ्यांनी मिळून खाल्ले.

पेट्रोलच्या घरगाडीवर ड्वेनने निघायच्या आदल्या दिवशी 'विकणे आहे' असा कागद चिकटवला होता. तो दुपारपर्यंत राहिला. आर्डिसने तो फाडला, चेक लिहिला आणि क्रेगला फोन लावला.

"आई, तू? चालवणार?"

"हो."

"पण पेट्रोल का घेतलंस? सगळे म्हणतात की डिझेल..."

"विकायला हेच होतं, बाळा," आर्डिस म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

सामान भरायचं तर गाडी आधी तिच्या खोक्याशेजारच्या जागेत उलटी घालायला हवी होती. रिकाम्या मैदानात तिने दोन दिवस गोल गोल फिरवून बघितली होती. हातांना गव्हाचा ट्रक आठवत होता. चार वाजता खुर्च्या लागल्याच. आर्डिस चढली, सीट पुढे ओढली. व्हर्लिनची गाडी अशीच होती, तीच कंपनी, तेच दोन लांब आरसे, आणि मागचा कॅमेरा तिलाही नव्हता. ड्वेनने तो फुकटचा खर्च म्हणून बसवला नव्हता. व्हर्लिन म्हणायचा, "आर्डिस असताना कॅमेरा कशाला?"

"थांब गं," फर्न वाइन ठेवून उठली. "एकटी कशी घेशील? मी राहते मागे. तुझे सगळे हातवारे पाठ आहेत मला."

ती गेली. आर्डिसने रिव्हर्स टाकला आणि डाव्या आरशात बघितलं. खोकं दिसलं, नळ दिसला. उजव्या आरशात कुंपण दिसलं.

"फर्न, पुढे हो जरा! दिसत नाहीस!"

"इथेच आहे की!"

"कुठे?"

"मधोमध! तुझ्याच जागेवर! हात वर केलेत बघ, दोन्ही!"

आर्डिसने ब्रेक दाबून धरला. मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, सीटवरून अर्धी उठली. दोन्ही आरशांत फर्नचं बोटसुद्धा दिसत नव्हतं. दिसणं शक्यच नव्हतं. गाडीच्या मागे मधोमध उभं राहिलेलं माणूस चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही, हे तिला त्या क्षणी कळलं. 'तू बरोब्बर मध्ये उभी राहा, म्हणजे मला नीट दिसशील,' असं व्हर्लिन पहिल्याच दिवशी म्हणाला होता. आणि ती राहिली होती. पावसात, उन्हात, बर्फात, हात वर करून. तो आपला आपण गाडी मागे घेत होता. मूठ मिटली की चाकं थांबत नव्हती. चाकं थांबायला आली की ती मूठ मिटत होती.

"मेल्या," आर्डिस म्हणाली. मनापासून म्हणाली. पण तो मेलेलाच होता, त्यामुळे शिवीचा काही उपयोग झाला नाही.

फर्न खिडकीखाली आली. आर्डिसने तिला सांगितलं. फर्नने एकदा मागे बघितलं, एकदा आरशात बघितलं आणि तिचा जबडा खाली आला. "मग तुला कशाला उभं करायचा बाई तो?"

"कोणास ठाऊक."

"दहा मिनिटं तेवढीच शांतता मिळत असेल," फर्न म्हणाली. मग आर्डिसचा चेहरा बघून घाईने म्हणाली, "किंवा तुला वाईट वाटू नये म्हणून असेल."

दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट, ते आर्डिसला ठरवता येईना. आधी ती हसायला लागली, मोठ्याने, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पाणी काही सगळं हसण्याचं नव्हतं. खुर्च्यांमधली मंडळी माना उंचावून बघत होती. त्यांना वाटलं, बाई घाबरली.

"मी आरशापाशी उभी राहू का?" फर्नने विचारलं.

"नको. तू जाऊन वाइन पी."

आर्डिसने थोडी गाडी मागे घेतली, थांबवली, खाली उतरली, मागे जाऊन स्वतः बघून आली, पुन्हा चढली. पुन्हा थोडी घेतली, पुन्हा उतरली. लोक हसले. एक जण म्हणाला, "आज आर्डिसचा हात नाही, आर्डिसचे पाय चाललेत." उतरता उतरता तिने त्याला 'मग तू ये घालायला' असं सुनावलं आणि पुन्हा चढली. वाइन संपली, गुडघे दुखायला लागले, अर्ध्या खुर्च्या कंटाळून उठून गेल्या, तेव्हा मागचं चाक विटेला टेकलं. वीट थोडी हलली. हलू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. शेजारची सीट रिकामी होती आणि मधल्या गरम झाकणावर फॉइलमध्ये तिने लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, ठेवल्या होत्या. पाय भाजत होता. समोर एवढी मोठी काच, आणि काचेत रस्ता, डोंगर, आभाळ, सगळं पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे येत होतं. पहिला चढ लागला आणि पेट्रोल रडायला लागलं. मागे ट्रकांची वरात लागली. आर्डिसने वेग वाढवला नाही.

उतारावर समोरून एक लांबलचक, चकचकीत घरगाडी आली. आर्डिसने स्टिअरिंगवरून उजवा हात उचलला आणि चांगला वर केला. समोरचा डिझेलवाला होता. त्याने तिच्या गाडीकडे बघितलं आणि मान फिरवली. त्याच्या शेजारी बसलेल्या बाईने मात्र हात वर केला.